अंड्यातील बलक टाकून देणे कितपत शहाणपणाचे आहे?

सदाफुली, नाशिक

नमस्कार मंडळी. सोळा वर्षांपूर्वी सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तेव्हापासून आमच्या घरी अंड्याचा पिवळा बलक वर्ज्य झाला. सासरे आता नाहीत, पण नियम अजून चालू आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. गेल्या पावसाळ्यात अंगणात पाय घसरून त्यांच्या मनगटाचे हाड मोडले आणि ते सांधून आल्यावर डॉक्टरांनी आहारात प्रथिने वाढवायला सांगितले. त्या माहेरपासून अंडी खाणाऱ्या असल्यामुळे त्याची अडचण नव्हती. रोज सकाळी दोन अंडी उकडली जातात. पांढरा भाग सासूबाई मीठ-मिरपूड लावून खातात आणि दोन्ही बलक आमच्या मोती नावाच्या कुत्र्याच्या ताटलीत जातात. सहा महिन्यांत मोतीच्या अंगावर अशी तकाकी आली आहे की, याला खाऊ तरी काय घालता, असे शेजारी विचारू लागले आहेत. सासूबाईंचा अशक्तपणा मात्र जिथल्या तिथे आहे.

त्यांचे कोलेस्टेरॉल काठावर असते, त्यासाठी औषध चालू नाही आणि मधुमेहही नाही. बलक टाकताना आपण नेमके काय टाकून देतो, आणि तो खाल्ला तर धोका कोणता, हे जाणकारांनी सांगावे.

नर्मदेचा_गोटा

तुमच्या घरात आहारशास्त्र एकट्या मोतीलाच कळलेले दिसते.

पथ्यपाणी, पुणे

सदाफुलीताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे आधी आकडे मांडते. साधारण ५० ग्रॅम खाद्यभाग असलेल्या एका अंड्यातून सुमारे ७२ कॅलरी आणि सहा ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने मिळतात. त्यांतली साडेतीन ग्रॅमांच्या आसपास पांढऱ्या भागात असतात आणि पावणेतीन ग्रॅम बलकात. म्हणजे बलक टाकला की पदरात पडू शकणाऱ्या प्रथिनांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिने मोतीच्या वाट्याला जातात. दोन अंड्यांचा पांढरा भाग खाऊन सासूबाईंना जेमतेम सात ग्रॅम मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलो वजनाच्या बाईला ४५ ग्रॅमांहून अधिक. उतारवयात स्नायू झिजतात, म्हणून अनेक तज्ज्ञ त्याहूनही थोडे जास्त घ्यायला सांगतात.

प्रथिनांपलीकडचे बहुतेक सारे बलकातच असते. ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्व, जवळजवळ सगळे कोलिन, डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी पडणारी ल्युटिन व झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्ये आणि बी-१२चा मोठा हिस्सा पांढऱ्या भागात शोधून सापडणार नाही. कोलिनचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. पेशींच्या आवरणासाठी, यकृतातील चरबीच्या वाहतुकीसाठी आणि मज्जातंतूंच्या कामासाठी ते लागते. एका अंड्यातून ते सुमारे १५० मिलिग्रॅम मिळते आणि प्रौढ स्त्रीची रोजची गरज ४२५ मिलिग्रॅम मानली जाते. रोजच्या जेवणातल्या फार थोड्या पदार्थांत ते इतके एकवटलेले असते.

पांढरा भाग अगदीच पोकळ असतो असेही नाही. त्यात रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) चांगले असते आणि कच्च्या पांढऱ्या भागाला जी हिरवट-पिवळसर झाक दिसते ती त्याचीच असते.

शेंगदाण्याचा_कूट

पथ्यपाणीताईंच्या आकड्यांबद्दल माझा वाद नाही, परंतु अंड्याशिवाय गत्यंतर नाही असा सूर लागण्याआधी मला काही सांगायचे आहे. आमच्या घरात चार पिढ्यांनी अंड्याला हात लावलेला नाही आणि आजी ९१ वर्षांची होईपर्यंत स्वतः विहिरीचे पाणी शेंदत होती. तीस ग्रॅम कोरड्या तूरडाळीतून साडेसहा ग्रॅमांच्या आसपास प्रथिने मिळतात, सोयाबीनमध्ये तर शंभर ग्रॅमांत पस्तीसहून अधिक असतात, आणि एक पेला दूध आठ ग्रॅम देते. मग अंड्याचे इतके कौतुक कशासाठी?

पथ्यपाणी, पुणे

आजींना नमस्कार सांगावा. अंड्याशिवाय गत्यंतर नाही असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. कौतुक असलेच तर ते प्रथिनांच्या जातीचे आहे. शरीराला बाहेरून घ्यावीच लागणारी नऊही अमिनो आम्ले अंड्यात योग्य प्रमाणात असतात आणि शिजवलेल्या अंड्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रथिने पचतात. म्हणूनच एकेकाळी इतर पदार्थांतील प्रथिने तपासताना अंडे हेच माप धरले जात असे. डाळीत मेथिओनिन कमी पडते आणि ज्वारी-बाजरीत लायसिन. दोन्ही एका ताटात आली की एकमेकींची उणीव भरून काढतात. आपल्या वरण-भाताचे आणि पिठले-भाकरीचे शहाणपण तेच आहे. अडचण एवढीच की दात कमकुवत झालेली, भूक मंदावलेली वृद्ध माणसे दोन वाट्या डाळ संपवू शकत नाहीत. थोडक्या घासांत पुष्कळ द्यायचे असेल तेव्हा अंडे सोयीचे पडते.

अंड्याच्या उण्या बाजूही सांगते, म्हणजे माझ्यावर पक्षपाताचा आरोप होणार नाही. त्यात ‘क’ जीवनसत्त्व नाही आणि चोथा अजिबात नाही. बलकात लोह आहे असे आपण शाळेत शिकलो, पण ते फॉस्विटिन नावाच्या प्रथिनाला घट्ट बांधलेले असल्यामुळे अंगी फारच थोडे लागते. बी-१२सुद्धा दूध किंवा मांसातल्याइतके सहज शोषले जात नाही. त्यामुळे रक्तक्षयावर किंवा बी-१२च्या कमतरतेवर अंडे हा उपाय समजून कोणी गोळ्या बंद करू नयेत.

हाडवैरी

सासूबाईंचे हाड मोडले होते म्हणून विचारतो: अंड्यातून कॅल्शियम मिळते, हा त्यातला मुख्य फायदा नाही काय?

पथ्यपाणी, पुणे

हा समज फार रुळलेला आहे. अंड्यातले कॅल्शियम असते ते कवचात, आणि कवच आपण टाकून देतो. खाण्याच्या भागात ते तीस मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी, तीळ, दूध आणि दही यांच्याकडेच जावे. ‘ड’ जीवनसत्त्व बलकात असते खरे, पण एका अंड्यात सुमारे एक मायक्रोग्रॅम आणि गरज १५ मायक्रोग्रॅमची. सकाळच्या उन्हात बसणे आणि तपासणीत कमी निघाल्यास डॉक्टरांनी दिलेली मात्रा घेणे याला अंडे पर्याय होत नाही. हाडाला धरून ठेवणारे स्नायू आणि हाडाचा प्रथिनांचा सांगाडा यांच्यासाठी मात्र त्याचा निश्चित उपयोग होतो.

जुना_वाचक, ठाणे

मूळ प्रश्नातील भीतीचा उगम सांगतो, कारण ती भीती निराधार नव्हती, फक्त तिचा पाया अर्धवट होता. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर साचलेले दाखवले. प्रयोग महत्त्वाचाच होता, पण ससा हा गवत खाणारा प्राणी आहे. जन्मात न पाहिलेले कोलेस्टेरॉल त्याच्या शरीराने कसे निपटावे? माणसाचे यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करते, आणि बहुतेकांच्या बाबतीत अन्नातून जास्त आले की स्वतःचे उत्पादन आवरते घेते. तरीही १९६८ साली अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत असा सल्ला दिला. एका बलकात १८५ मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असल्यामुळे दोन अंड्यांतच ती मर्यादा ओलांडली जात असे. अमेरिकी सरकारच्या २०१५ ते २०२० या काळासाठीच्या आहारसूचनांतून ही ३०० मिलिग्रॅमची आकडेबंद मर्यादा काढून टाकण्यात आली.

रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात संपृक्त चरबीचा हात अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा मोठा असतो, आणि एका अंड्यात अशी चरबी दीड ग्रॅमच्या आसपास असते. चमचाभर तुपात ती याहून जास्त निघते. बलक मोतीला घालून त्याच ताटात तूप-साखर-पोळी वाढणारी घरे मी पाहिली आहेत. माझे सासर त्यांपैकीच एक होते.

निवृत्त_नाडी

मी चाळीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय केला असून जुना_वाचक यांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो, नाहीतर उद्या कोणी सहा अंड्यांचे ऑम्लेट खाऊन या धाग्याचा हवाला देईल. सर्वांची शरीरे सारखी नसतात. काही जणांचे कोलेस्टेरॉल बलक खाल्ल्यावर इतरांपेक्षा बरेच चढते. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्या घराण्यांत तर विशेष सावधगिरी लागते. मधुमेहींच्या बाबतीत मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, म्हणून त्यांना मी हात राखूनच परवानगी देत असे. धडधाकट माणसाला दिवसाला एक अख्खे अंडे चालते, एवढे बहुतेक अभ्यास पाहता म्हणता येते.

सदाफुलीताईंनी तर्क करत बसण्यापेक्षा मोजून पाहावे. आज सासूबाईंची रक्तातील चरबीची तपासणी करून घ्यावी, मग सहा ते आठ आठवडे रोज एक अख्खे अंडे आणि दुसऱ्याचा पांढरा भाग द्यावा, बाकीचा आहार बदलू नये आणि पुन्हा तपासावे. हे सगळे त्यांच्या डॉक्टरांना विचारून करावे. मला त्यांची नाडी इथून लागत नाही.

तालीमबहाद्दर, कोल्हापूर

आमच्या तालमीत वस्ताद पहाटे दुधात कच्ची अंडी फोडून प्यायला लावत आणि शिजवल्याने अंड्यातला कस मरतो असे बजावून सांगत. मी सात वर्षे नाक धरून ते प्यायलो आहे. यावर तज्ज्ञांनी काही चांगले सांगितले तर मनाला बरे वाटेल.

पथ्यपाणी, पुणे

बरे वाटणार नाही, याबद्दल क्षमस्व. १९९८ साली बेल्जियममधील संशोधकांनी मोजले तेव्हा शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिने पचली आणि कच्च्यातली जेमतेम ५१ टक्के. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पाचकरसांना त्यांच्यापर्यंत पोहोचता येते. शिवाय कच्च्या पांढऱ्या भागातील अॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवते, ते शिजवल्यावर निष्प्रभ होते. साल्मोनेला जंतूंचा धोका वेगळाच. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि सासूबाईंच्या वयाची माणसे यांनी तर बलक पूर्ण घट्ट झालेले अंडेच खावे.

तालीमबहाद्दर, कोल्हापूर

म्हणजे सात वर्षांतली साडेतीन वर्षे मी नुसतेच नाक धरले होते.

खुराडे, विटा

माझा अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा व्यवसाय आहे, म्हणून इथे कोणी न विचारलेल्या, पण दुकानात रोज ऐकू येणाऱ्या गोष्टींवर लिहितो. ‘ब्रॉयलरची अंडी’ असा शब्द सर्रास वापरला जातो, तो चुकीचा आहे. ब्रॉयलर हा मांसासाठी वाढवलेला पक्षी असतो आणि तो अंडे घालण्याच्या वयापर्यंत पोहोचतच नाही. बाजारातली पांढरी अंडी लेयर जातीच्या कोंबड्यांची असतात. त्या साधारण अठरा ते वीस आठवड्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात आणि वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात. आमच्याकडे कोंबडा नसतो, त्यामुळे या अंड्यातून पिल्लू निघण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेवढ्या आधारावर ज्यांना ते शाकाहारात बसवायचे असेल त्यांनी बसवावे. मला त्या वादात पडायचे नाही, कारण श्रावणात आमचा भाव पडतो तो कोणत्याही युक्तिवादाने सावरत नाही.

कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पोषणावर नाही. बलकाचा रंग खाद्यावर ठरतो. मका जास्त घातला किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळला की तो गडद केशरी होतो. गावरान अंड्याचा बलक गर्द दिसतो, कारण ती कोंबडी उकिरड्यावर किडे, गवत आणि कोवळा पाला खात हिंडते. खाद्यात जवस घातल्यास बलकातील ओमेगा-३ वाढते, हे मात्र खरे आहे. तपकिरी अंडे गवताच्या टोपलीत ठेवून ‘गावरान’ म्हणून दुप्पट भावाने विकणारे लोक माझ्याच व्यवसायात आहेत, हे कबूल करतो.

ओटीवरची_आजी, चिपळूण

खुराडेदादा, तुमचे सगळे मान्य केले तरी चवीचे काय? आमच्याकडे डालग्याखाली आठ कोंबड्या असत. तलंग पहिल्यांदा अंड्यावर आली की तिची लहानशी अंडी घरातल्या धाकट्या पोरांना मिळत आणि कोंबडी खुडूक झाली की अंडी पुरती बंद होत. त्या काळी वर्षाला साठ-सत्तर अंडी दिली तरी कोंबडी गुणाची ठरे. अंडे ताजे आहे का ते आम्ही पातेल्यातल्या पाण्यात सोडून पाहत असू. तळाशी आडवे पडले तर ताजे, उभे राहिले तर लवकर संपवायचे आणि तरंगले तर माडाच्या बुंध्याशी पुरायचे. माझ्या नातवाने यामागचे कारण सांगितले ते असे, की कवचाच्या बारीक छिद्रांतून आतले पाणी उडून जाते आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जाते.

राईनकाठ, जर्मनी

आजींच्या छिद्रांवरून आठवले. इथे अंडी न धुता विकतात, कारण कवचावर नैसर्गिक लेप असतो आणि तो धुण्याने निघून जातो. अमेरिकेत उलट धुऊन लगेच शीतकपाटात ठेवण्याची सक्ती आहे. माझी आई पुण्यात बाजारातून आणलेली अंडी घासूनपुसून धुऊन आठवडाभर ओट्यावर ठेवत असे, म्हणजे दोन्ही पद्धतींतले नेमके चुकीचे अर्धे आम्ही उचलले होते. धुवायचेच असेल तर वापरण्याच्या आधी धुवावे. इथल्या अंड्यावर छापलेल्या आकड्यांतला पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो: शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे मोकळ्यावर फिरणारी, दोन म्हणजे कोठारातली आणि तीन म्हणजे पिंजऱ्यातली. खुराडेदादांच्या गवताच्या टोपलीवर असा आकडा छापला असता तर बरे झाले असते.

पाटीपेन्सिल

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि एवढा वेळ गप्प बसून वाचत होते. बलक खावा की टाकावा हा ज्यांच्यापुढचा प्रश्नच नाही, अशी मुले माझ्या वर्गात आहेत. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्यांना केळे देण्याचा निर्णय घेतला. अंड्याच्या दिवशी पटावरची हजेरी किती असे, ते मला कोणत्याही अहवालात वाचावे लागले नाही; मी ती स्वतः मांडत होते. जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबला आणि लोकसहभागातून पाहावे असे सांगण्यात आले. आमच्या पाड्यावर लोकसहभाग मागायचा तो कोणाकडे? ज्यांची मुले ते अंडे खाणार, त्यांच्याकडेच. शेजारच्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून सहा वर्षांखालच्या मुलांना अंडी मिळतात. पहिलीत आले की ती बंद होतात, जणू सहावा वाढदिवस झाला की मूल वाढायचे थांबते. तामिळनाडूत शाळेच्या जेवणात आठवड्याला पाच अंडी मिळतात.

शेंगदाण्याचा_कूट

पाटीपेन्सिलताई, मी अंडे खात नाही आणि माझी मुलेही खाणार नाहीत, पण दुसऱ्याच्या मुलाच्या ताटातले अंडे काढावे असे मला कधीही वाटलेले नाही. तुमच्या शाळेसाठी अंडी आणि केळी दोन्हींचा काही भार मी उचलू इच्छितो, आपण व्यक्तिगत निरोपातून बोलू.

जुना_वाचक, ठाणे

या विषयावर एक अभ्यास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या १६३ बाळांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज एक अंडे देण्यात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात खुजेपणाचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटले. लगेच टाळ्या वाजवू नयेत, कारण तसाच प्रयोग नंतर मलावीत झाला तेव्हा उंचीत लक्षणीय फरक दिसला नाही. तिथली बाळे आधीपासून सरोवरातले मासे खात होती, हे एक संभाव्य कारण सांगितले गेले. ताटात मुळातच काही नसेल तेथे अंड्याचा गुण ठळक दिसतो, असा मी त्याचा अर्थ लावतो.

नर्मदेचा_गोटा

त्याच न्यायाने मोतीला पहिल्या दिवसापासून बाकी काही मिळत नव्हते असे सिद्ध होते.

फोडणीचा_राजा

उकडण्याबद्दल कोणीच बोलले नाही. अंडी फार वेळ उकळली की बलकाभोवती हिरवट-करडे कडे येते, त्याला लोक अंडे खराब झाले समजून टाकतात. पांढऱ्या भागातील गंधक आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने ते येते, त्यापासून अपाय नाही. उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटे आणि मग लगेच गार पाण्यात, एवढे पाळले तर कडे येत नाही आणि कवचही नीट निघते. अंडा भुर्जीबाबत माझे मत असे आहे की अंडे निर्दोष असून खरे गुन्हेगार तव्यावरचे लोणी आणि सोबतचे चार पाव आहेत.

सदाफुली, नाशिक

दोन महिन्यांनी परत येत आहे, उशिराबद्दल क्षमा असावी. निवृत्त_नाडी काकांचा सल्ला आमच्या डॉक्टरांना दाखवला आणि त्यांनी संमती दिली. आधीच्या तपासणीत सासूबाईंचे वाईट कोलेस्टेरॉल १२८ होते, आठ आठवडे रोज एक अख्खे अंडे आणि एकाचा पांढरा भाग खाल्ल्यावर ते १३१ आले. डॉक्टरांच्या मते हा फरक दखल घेण्याजोगा नाही आणि हाच क्रम चालू ठेवावा. ‘ड’ जीवनसत्त्व बरेच कमी निघाले, त्यासाठी वेगळे औषध सुरू झाले आहे आणि रात्रीच्या जेवणात नाचणीची भाकरी आली आहे. त्यामुळे त्या आता जिना न थांबता चढतात याचे श्रेय नेमके कोणाला द्यायचे ते मला ठरवता येत नाही, आणि पथ्यपाणीताईही ते एकट्या अंड्याला देणार नाहीत.

बलक पहिल्यांदा ताटात आला तेव्हा सासूबाई बराच वेळ त्याच्याकडे पाहत होत्या. “ह्यांना फार आवडायचा,” एवढेच म्हणाल्या आणि खाल्ला.

मोतीला आता एकच बलक मिळतो. तो सकाळी गॅसजवळ बसून दोन अंडी मोजतो आणि सासूबाईंच्या ताटाकडे संशयाने पाहतो.